मेणावरची पांढरी झाक

थोरलीला मुलगा झाला, ते हे वर्ष. त्या घरात आजही कुठलीही गोष्ट निघाली की ती बाळाच्या आधीची की नंतरची, असंच विचारतात. बाळाच्या आधी पूल चालू होता. बाळाच्या नंतर बंद.

घर मेणबत्त्या करणाऱ्याचं. त्याला सगळी वस्ती मेणमामा म्हणायची, सख्ख्या भाच्यापासून ते चर्चच्या फादरपर्यंत. मामा पिढीजात कारागीर होता. पुढच्या खोलीत दुकान, मागे कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक मोठी चूल, मेण वितळवायचं उंच पिंप आणि छताला टांगलेल्या लाकडी चौकटी. चौकटीला वाती अडकवायच्या, पिंपात बुडवायच्या, वर काढायच्या, वारा लागू द्यायचा, पुन्हा बुडवायच्या. थरावर थर चढत जातो. घाई केली की थर सुटतो आणि जळताना मेणबत्ती रडते. मामाची मेणबत्ती कधी रडली नाही, असं तो स्वतःच सांगायचा. ते खरंही होतं.

थोरली ही मामाची लेक, नदीपलीकडे दिलेली. जावयाकडे मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि मामाला लागणारं चांगलं पिवळं मेण तिथूनच यायचं, आधी जावयाच्या बापाकडून, मग जावयाकडून. मेणाच्या व्यवहारातूनच सोयरीक जुळली होती. मेण वितळवून थाळीत ओतलं, की ते थिजायच्या आत थोरली त्यावर एक बटण दाबायची. मामाच्या जुन्या कोटाचं, चार भोकांचं, मोठं बटण. लग्न होऊन निघाली तेव्हा तिने ते कोटावरून तोडून नेलं होतं आणि मामा वर्षभर उघडा कोट घालून फिरला, पण दुसरं बटण लावू दिलं नाही. मेणाच्या प्रत्येक वडीवर ती चार टिंबं असायची. मामा वडी हातात घेतली की आधी तिथे अंगठा फिरवायचा.

नातवाचा बाप्तिस्मा आजोळच्या चर्चमध्ये व्हायचा ठरला होता. मामाने त्यासाठी मेणबत्ती करून, मामीच्या पांढऱ्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. वार ठरला, पाहुणे ठरले आणि त्याच आठवड्यात पूल बंद झाला.

भांडण कशाचं होतं ते सांगायला बसलं तर सांगणारा थकेल आणि ऐकणारा कोराच राहील. नदीच्या दोन्ही तीरांवर एकच भाषा, एकच प्रार्थना. वारा पडला की पलीकडच्या चर्चची घंटा इकडे ऐकू यायची आणि इकडची तिकडे. सरकारं मात्र दोन झाली होती आणि मधल्या जमिनीवर दोघांचा डोळा होता. जावई पलीकडच्या फौजेत भरती झाला. मामाचा भाचा अलीकडच्या. आई बाळंतपणात गेल्यापासून तो मामाकडेच वाढलेला आणि थोरलीच्या कडेवर बसूनच मोठा झालेला. दोघं एकाच ताटात जेवलेले मेहुणे. आता एकमेकांवर नेम धरून बसले.

लढाईत कुणाचं भलं झालं असेल तर ते मेणमामाचं. वीज गेली ती गेलीच. तळघरं, दवाखाना, शाळा, सगळीकडे मेणबत्त्या. पांढऱ्या खनिज मेणाच्या, साच्यातल्या, बेचव. मामा म्हणायचा, या मेणबत्त्या नव्हेत, या काड्या आहेत. पण चूल विझत नव्हती. कब्रस्तानामागच्या टेकडीवर तोफा होत्या. तिथल्या खंदकातही त्याच्याच मेणबत्त्या जात आणि त्या तो फुकट द्यायचा, आपली पोरं आहेत म्हणून. चर्चचा घंटावाला त्याला चिडवायचा, "मामा, लढाई थांबली तर तुमचं कसं व्हायचं?" मामा हसायचा. थोरलीचं नाव निघालं की मात्र हसू मावळायचं. उन्हाळा गेला, पानगळ गेली, तरी पलीकडून अक्षर नाही, निरोप नाही. मामाचा जीव एका प्रश्नावर टांगलेला होता आणि तो प्रश्न तो तोंडाने कधी उच्चारत नसे.

आगमनकाळ जवळ आला. नाताळाच्या आधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक पेटते, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत नाताळाच्या तोंडाशी चारी. या चर्चची रीत अशी होती की लावणारा हात दर रविवारी वेगळा. पहिली मेणबत्ती करणाऱ्याने लावायची. दुसरी फादरने. तिसरी, म्हणजे आनंदाची, गुलाबी, ती ज्याने मेण आणलं त्याने. चौथी, करणाऱ्याच्या घरातल्या थोर बाईने. इतकी वर्षं तिसरी जावयाकडचंच कुणीतरी लावत आलं होतं. फादर दुकानात येऊन म्हणाले की यंदा पांढऱ्या मेणाच्या करा, रंग द्या, देव समजून घेईल. मामा म्हणाला, देव घेईल, मला नाही जमायचं. पण मेण कुठून आणणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

अशात एका दुपारी भाचा नाताळापर्यंतच्या रजेवर आला. खांद्यावर बंदूक, पाठीवर पोतं. पोतं त्याने चुलीपाशी टाकलं आणि म्हणाला, "मामा, मेण."

मामाने पोत्याचं तोंड सोडलं. पिवळ्या वड्या. वरच्या वडीवर अंगठा फिरवला. चार टिंबं.

मामा तिथेच सरपणावर बसला. वडी मांडीवर घेऊन, लेकरू घ्यावं तशी.

"थोरलीनं दिलं?"

भाचा खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला. "तिच्याच घरचं आहे."

"कशी आहे ती?"

"मला थांबता आलं नाही, मामा. आम्ही गडबडीत होतो."

"आणि बाळ?"

"बाळ आजीकडे आहे म्हणाले. वरच्या गावात."

मामाने मान हलवली. बरोबर केलं तिने, असं म्हणाला. नदीकाठी धोका, बाळाला सासूबरोबर वर पाठवलं आणि स्वतः घर धरून बसली. हुशार आहे, आईवर गेली आहे.

मामी दारात उभी होती. ती पुढे आली, एक वडी उचलून उजेडात धरली. वडीवर पांढरी झाक होती, काळ्या द्राक्षांवर असते तशी, बोट लावलं की भुकटी निघणारी. चांगलं मेण नुसतं ठेवून दिलं की त्याला अशी झाक धरते, पण एका रात्रीत नाही. निदान काही महिने कुणाचा हात न लागता पडून राहावं लागतं. ताज्या मेणाचं अंग कसं लख्ख, लोण्यासारखं असतं. हे मेणाच्या घरात लहान पोरालाही कळतं.

"हे इतकं पांढरं कसं?" मामी म्हणाली.

"वाटेत गारठलं असेल," मामा म्हणाला.

"एका वाटेत?"

"तू तुझं आत बघ. मेण मला कळतं."

मामी आत गेली. मामाने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि एकेक वडी नीट पुसून काढली. पुसल्यावर मेण उजळलं, सोन्यासारखं दिसू लागलं. मग त्याने वड्या पिंपात सोडल्या. बटणाची खूण असलेली एक वडी तेवढी त्याने फळीवर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

त्या चार मेणबत्त्यांइतकं मन लावून त्याने आयुष्यात काही केलं नसेल. शेवटच्या थरांत रंग घातला. गुलाबी रंग दोनदा बिघडला, दोनदा खरवडून पुन्हा चढवला. भाचा दारात बसून पाहायचा, पण आत येऊन हात लावत नसे. एरवी तो मामाला चौकटी धरू लागायचा. दमला असेल पोरगा, मामाला वाटलं.

पहिल्या रविवारी मामाने पहिली मेणबत्ती लावली. चर्चच्या खिडक्यांना आतून घोंगड्या ठोकल्या होत्या, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. त्या अंधारात ज्योत सरळ उभी राहिली आणि मधाचा वास पसरला. माणसांना रडू आलं. इतक्या महिन्यांत त्यांनी धूर आणि ओल्या भिंती यांशिवाय कसला वास घेतला नव्हता. फादर म्हणाले की आशा म्हणजे चांगली बातमी हाती येणं नव्हे, बातमी नसताना दिवा लावणं. मामाने मान डोलावली. त्याला ते वाक्य फार आवडलं, कारण त्याच्याकडे बातमी होती.

तिथून मामाच्या अंगात आशा संचारली. तो पार बदलला. दुकानात कुणी उसासा टाकला तरी त्याला चालेना. फळीवरची वडी काढायची, टिंबं दाखवायची आणि म्हणायचं, मी धीर सोडला असता तर? शेजारणी यायच्या, वडीला हात लावून डोळ्यांना लावायच्या. मामाने बाळाच्या पाळण्यासाठी सुताराला निरोप धाडला. नाताळापर्यंत पूल उघडतोय, असं तो सांगू लागला. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर नुसता हसायचा. मामी मात्र जास्तच कामं काढत राहिली, धुतलेलं पुन्हा धूत राहिली.

गल्लीच्या टोकाला पावाची भट्टी होती. भट्टी चालवणारी बाई, भट्टीवाली, विधवा. तिचा एकुलता एक मुलगा पहिल्याच महिन्यात टेकडीवरून बेपत्ता झाला होता. मेला म्हणून कुणी सांगत नव्हतं, आहे म्हणूनही नाही. ती चर्चला यायची, मागच्या बाकावर बसायची, गाणी म्हणायची नाही. दुसऱ्या रविवारनंतर मामा मुद्दाम तिच्या भट्टीवर गेला. चार माणसं पावासाठी उभी होती, त्यांच्यादेखत म्हणाला की बाई, असं तोंड पाडून बसू नये, आमच्याकडे बघा, विश्वास ठेवला तर देव देतोच.

भट्टीवालीने लांब फावड्याने पाव बाहेर ओढले, फळीवर उलटे केले. मग म्हणाली, "मामा, तुमची आशा मेणासकट येते. आमची आपली नुसतीच."

लोक हसले. मामाही हसला, पण ते त्याला लागलं. घरी येऊन मामीला म्हणाला, जळतात लोक, दुसऱ्याचं बरं बघवत नाही. मामी म्हणाली, पाव आणलात का?

तिसरा रविवार उजाडला. आनंदाचा रविवार. गुलाबी मेणबत्ती मेण आणणाऱ्याने लावायची, म्हणजे भाच्याने. मामाने आपला बटण नसलेला कोट त्याला घालायला दिला. नको म्हणत असताना घातलाच. चर्च भरलं होतं. फादरने खूण केली, भाचा वेदीपाशी गेला. आधी दोन जांभळ्या पेटवल्या गेल्या, मग त्याच्या हातात काडेपेटी दिली.

त्याने काडी ओढली. काडी जळत जळत बोटांपर्यंत आली, तरी हात पुढे गेला नाही. चटका बसला तशी टाकली. दुसरी ओढली. तीही तशीच. मागे कुणीतरी खाकरलं. भाच्याने काडेपेटी वेदीच्या पायरीवर ठेवली आणि बाकांच्या मधून चालत बाहेर निघून गेला. मामाने दोन्ही बाजूंना ओशाळं हसून पाहिलं, पोरगं आहे, दमलंय, असं काहीबाही पुटपुटला आणि त्याच्यामागे गेला.

चर्चमागे सरपणाचा ढीग होता. भाचा तिथे भिंतीला टेकून उभा होता. कोट काढून त्याने नीट घडी घालून लाकडांवर ठेवला होता.

"काय झालं रे? लोक काय म्हणतील?"

"मामा, तुम्ही मला विचारलंच नाही."

"काय नाही विचारलं?"

"दिलं का, विचारलंत. कशी आहे, विचारलंत. आहे का, असं नाही विचारलंत."

आत गाणं सुरू झालं होतं.

मग भाच्याने सगळं सांगितलं, तेही मान खाली घालून, एका दमात. पानगळीत त्यांची तुकडी पलीकडे घुसली होती. ताईचं घर त्याला लांबून ओळखता आलं नाही, कारण पुढची बाजू नव्हती. मागची मेणाची कोठी दगडी, ती शाबूत. शेजारच्या तळघरात एक म्हातारा होता, त्याने सांगितलं. पूल बंद झाला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, सकाळी, ती पुढच्या खोलीत बाळाचे कपडे वाळत घालत होती, तेव्हाच तोफेचा गोळा पडला. बाळ सासूपाशी मागे होतं, म्हणून वाचलं. म्हातारी त्याला घेऊन वर गेली. जावयाचं कुणाला ठाऊक नाही. बाकीचे जण घरं धुंडत होते, कुणी भांडी घेतली, कुणी रजया. त्याने मेण घेतलं. का घेतलं, त्याला सांगता येईना. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये, एवढंच मनात होतं.

"तोफ कुणाची?" मामाने विचारलं.

भाच्याने कब्रस्तानामागे, टेकडीकडे हात केला. "आपलीच. तिथे तेव्हा दुसऱ्या तोफा कुठे होत्या?"

मामाला ती सकाळ आठवली. अख्खी गल्ली अंगणात उभी होती. पलीकडे धुराचा लोट उठला तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या. दारूगोळ्याचं कोठार असणार, असं म्हणणारा मामाच होता.

मारायला हात उचलला असता तर पोराला बरं वाटलं असतं. मामाने कोट उचलला, अंगात घातला आणि परत आत गेला. मेणबत्त्या उपटून आणायच्या, पिंपात टाकायच्या, पिंप नदीत ओतायचं, एवढंच डोक्यात होतं.

आत तिन्ही मेणबत्त्या जळत होत्या. गुलाबीसुद्धा. पायरीपाशी मामी उभी होती, हातात काडेपेटी.

प्रार्थना संपेपर्यंत मामा खांबाशी उभा राहिला. माणसं निघून गेली. फादर त्याचं तोंड पाहून जवळ आले आणि मामीने हाताने थांबवलं, तसे मागे फिरले.

"तुला ठाऊक होतं," मामा म्हणाला.

"ते फडकं भुकटीनं पांढरं झालं होतं," मामी म्हणाली. "मीच धुतलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

पहिल्याच दिवशी, पहिल्याच वडीवर, अंगठ्याला भुकटी लागली तेव्हा मामाला कळलं होतं. पुसलं की गेलं, असं त्याने स्वतःला सांगितलं. चाळीस वर्षं मेण ओळखणारा माणूस त्या एका दिवशी मेण ओळखायचं विसरला आणि वरून सगळ्या वस्तीला आशा शिकवत फिरला.

"तरी लावलीस? आनंदाची? हात कसा गेला तुझा?"

"काडी ओढली नि लावली." मामीने काडेपेटी ओच्यात खोचली. "तिच्या हातचं मेण आहे, अहो. वाया घालवायचं नाही."

मग मात्र ती तिथेच पायरीवर बसली आणि रडली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. इतके महिने दाबून धरलेलं एकदम बाहेर आलं. मामा शेजारी बसला. तो रडला नाही. त्याला देवाचा राग आला होता आणि टेकडीचा, पण सगळ्यांत जास्त त्या मधाच्या वासाचा. तो वास सगळीकडे भरून राहिला होता. नदीपलीकडे घंटा झाली. तिकडेही तिसराच रविवार होता. तिकडेही कुणी गुलाबी मेणबत्ती लावली असेल आणि आपल्या तोफांसाठी देवाचे आभार मानले असतील.

त्या आठवड्यात मामाने चूल पेटवली नाही. टेकडीवरून खंदकासाठी मेणबत्त्या न्यायला माणूस आला, त्याला तो संपल्या म्हणाला. समोर पेट्या भरलेल्या दिसत होत्या. माणसाने पेट्यांकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि तसाच परत गेला. भाचा दोन दिवस घरी जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मामीने ताट वाढून नुसतं त्याच्यासमोर ठेवलं आणि त्याने ते खाल्लं. फळीवरची वडी मामाने काढली नाही. तिच्यावर पुन्हा पांढरी झाक धरली तर धरू दे, पुसायची नाही, असं त्याने मामीला बजावलं.

शनिवारी तो भट्टीवर गेला. गर्दी नसेल अशी वेळ पाहून नव्हे, उलट गर्दीतच. माणसं त्याला वाट द्यायला लागली. बातमी पसरली होती. भट्टीवाली फावडं थांबवून त्याच्याकडे पाहत राहिली.

"बाई," मामा म्हणाला, "आता आमचीही नुसतीच."

तिने फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, "बसा. आणि दार लोटा, ऊब जाते."

तो बसला. तिने त्याला गरम पाव दिला. त्याने तो हातात धरून ठेवला, गार होईपर्यंत.

चौथ्या रविवारी चौथी मेणबत्ती मामीने लावली. घरातली थोर बाई म्हणून रीत तिचीच होती. भट्टीवाली त्या दिवशी मागच्या बाकावरून उठून पुढे आली आणि मामीशेजारी बसली. गाणी तिने तेव्हाही म्हटली नाहीत. फादर आशेबद्दल फार बोलले नाहीत. त्यांनी मेलेल्यांची नावं वाचली आणि या वेळी, पहिल्यांदाच, पलीकडच्या तीरावरच्यांचीही वाचली. काही माणसं उठून बाहेर गेली. मेणबत्त्या मात्र शेवटपर्यंत सरळ जळल्या, एकही रडली नाही.

पूल उघडला नाही. नातू वरच्या गावात वाढतो आहे. आईला कुणी मारलं ते त्याला तिथे सांगत असणार आणि ते खोटं नाही. त्याच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती कपाटात ओढणीत आहे. मामी वर्षातून एकदा ती सोडून पाहते, पुसत नाही, पुन्हा गुंडाळून ठेवते. भाचा नाताळ उलटल्यावर टेकडीवर हजर झाला नाही, म्हणून त्याला पकडून नेलं. तो कुठल्या तुरुंगात आहे ते अजून कुणी सांगत नाही. मामी त्याच्यासाठीही ताट काढते.

थोरली वारली ती मुलगा झाला त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पूल बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी. मेणमामा वारला त्याच्या पुढच्या वर्षी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी. पिंपात उरलेल्या पिवळ्या मेणाच्या तीन मेणबत्त्या झाल्या होत्या, चौथीची वात चौकटीला टांगलेली होती.